बाराव्या मोजणीदाराविरुद्धचा ठराव

नव्या मोजणीदाराचं नाव जाहीर होऊन एकोणीस दिवस झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत जॅनिस ॲकरॉइडने सहाशे सतरा प्रतिक्रिया वाचल्या होत्या. हौस म्हणून नव्हे. 'मोजणीदार' या टीव्ही मालिकेच्या हडर्सफील्डमधल्या चाहत्यांच्या मंडळाची ती गेली सव्वीस वर्षं चिटणीस होती, आणि मंडळाच्या फोरमवर कोण काय लिहितो, त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं, हे बघणं चिटणिसाकडे होतं. ते तिच्याकडे कसं आलं हे आता कोणालाच नीट आठवत नव्हतं. फोरम सुरू झाला तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं, "जॅनिस बघेल." तेव्हापासून जॅनिस बघत होती.

मोजणीदार १९६५ साली शनिवारी संध्याकाळी, चहाच्या वेळेला, पहिल्यांदा टीव्हीवर आला. खांद्यावर तिपाई, कमरेला साखळी. परक्या ग्रहावर उतरायचं, जमीन मोजायची, नकाशा काढायचा आणि पुढे जायचं, एवढंच त्याचं काम. पण मोजता मोजता तिथली एखादी जुलूमशाही त्याच्या नजरेला पडायची आणि त्याचा पाय तिथेच अडकायचा. मरायला टेकला की तो स्वतःला पुसून नव्याने आखायचा, म्हणजे जुना नट जाऊन नवा यायचा. बावन्न वर्षांत असे अकरा नट झाले. बारावी म्हणून हेस्टर क्विन नावाची चौतीस वर्षांची नटी आली, आणि जून महिन्याच्या त्या शनिवारी दुपारी साडेचारपासून जॅनिसच्या फोनला उसंत मिळाली नाही.

जॅनिस पाणीपुरवठा कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. नळाच्या पाण्याचे नमुने यायचे, ते काचेच्या बशांमध्ये वाढवायचे आणि दुसऱ्या दिवशी बशीत किती ठिपके उगवले ते मोजायचे. छत्तीस वर्षं हे केल्यावर माणसाला काहीही दिसलं की त्याची वर्गवारी करायची सवय लागते. प्रतिक्रियांचीही तिने केली, ठरवून नाही, हात आपोआप वळले म्हणून. 'बायकांविरुद्ध माझं काहीच नाही, पण' अशी सुरुवात असलेल्या दोनशे चार. 'बरी जिरली म्हाताऱ्यांची' या अर्थाच्या एकशे एकाहत्तर. मालिका खरं तर सातव्या मोजणीदाराबरोबरच संपली, असं शांतपणे सांगणाऱ्या अठ्ठ्याऐंशी. हे लोक बातमी काहीही असली तरी तेच सांगायचे. उरलेल्या सगळ्या या तीन जातींच्या आपसातल्या मारामाऱ्या. आणि एकोणीस जणांनी विचारलं होतं की जॅनिस, एक बाई म्हणून तुला काय वाटतं?

तिला काय वाटतं हे तिला ठाऊक नव्हतं. लहानपणी तिला मोजणीदार व्हायचं नव्हतं आणि त्याच्याशी लग्नही करायचं नव्हतं. तिला त्याच्या तिपाईवरचं ते पितळी यंत्र हवं होतं. ते डोळ्याला लावलं की पलीकडच्या डोंगराची उंची आकड्यात कळते, हे तिला नवव्या वर्षी फार मोठं वाटलं होतं. यंत्र धरणारे हात कोणाचे आहेत, याकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं. त्या शनिवारी नव्या मोजणीदाराची अर्ध्या मिनिटाची झलक बघताना, हेस्टर क्विनने यंत्राला डोळा लावला तेव्हा, जॅनिसच्या छातीत काहीतरी हललं होतं. काय ते बघायला जावं तोच फोन थरथरायला लागला. नंतर बघू म्हणून ते बाजूला राहिलं, आणि सहाशे सतराव्या प्रतिक्रियेपर्यंत ते कुठे गेलं याचा पत्ता नव्हता.

या सगळ्यात तिला खरी काळजी होती ती डेरिक ग्रीनवुडची.

डेरिक त्रेसष्ट वर्षांचा. टपाल खात्यात पत्रं निवडायच्या कामावरून निवृत्त झालेला. १९७९ साली मंडळ स्थापन झालं ते त्याच्या आईच्या बैठकीच्या खोलीत, आणि त्या पहिल्या सहा जणांत जॅनिसही होती. मंडळाचे नियम डेरिकने स्वतःच्या टाइपरायटरवर बडवून काढले होते. त्याची बायको पॉलीन हिने आयुष्यात मोजणीदाराचा एकही भाग पूर्ण बघितला नाही, पण सभेच्या दिवशी ती डेरिकचा डबा भरायची आणि नऊ वाजता फोन करून "संपलं का रे तुमचं विश्व?" असं विचारायची. मागच्या वर्षी फेब्रुवारीत पॉलीन गेली. त्यानंतर डेरिक महिन्यातून एकदा घराबाहेर पडायचा, पहिल्या गुरुवारी, मंडळाच्या सभेला. दूध आणि पाव तो दुकानातून घरपोच मागवायचा. जॅनिस दर रविवारी संध्याकाळी त्याला फोन करायची.

"जेवलास?"

"टोस्ट खाल्ला."

"टोस्ट म्हणजे जेवण नव्हे, डेरिक."

"वर बीन्स होते."

"पडदे उघडलेस का आज?"

"कशाला? समोर ते केर्शॉ राहतात. त्यांचं तोंड बघायला?"

असं दर रविवारी व्हायचं आणि ते पुरेसं असायचं. पण नाव जाहीर झालं आणि डेरिकने फोरमवर तेवीसशे शब्द लिहिले. त्यातले बावीसशे नुसते कंटाळवाणे होते. उरलेल्यांत टॅमसिनबद्दल एक वाक्य होतं. टॅमसिन तेवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात काम करणारी, मागच्या शरद ऋतूत मंडळात आलेली. सहा वर्षांत सभासदांच्या यादीत पडलेलं ते एकमेव नवं नाव. डेरिकने लिहिलं, 'अकराव्याच्या गालाच्या हाडांवर भाळून काल आलेल्या चिमुरडीने मला मोजणीदार शिकवू नये.' त्याखाली आणखी एक, 'आमची जॅनिस काही बोलायची नाही. ती सँडविचं करेल.'

टॅमसिनने चार मिनिटांत उत्तर दिलं. 'पन्नास वर्षं सगळं तुमचंच होतं. आता घरी जा आणि एकटे बसा.'

टॅमसिनला पॉलीनबद्दल माहीत नव्हतं. जॅनिसला होतं. तिने टॅमसिनचं ते वाक्य ताबडतोब काढून टाकलं. डेरिकचं मात्र राहू दिलं. उद्यापर्यंत निवळेल, मग त्यालाच काढायला सांगू, असं ती स्वतःशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी एका वस्तीतल्या नळाच्या पाण्याचे बावीस जादा नमुने आले आणि ते राहून गेलं.

डेरिक निवळला नाही. आठवड्याने टपालाने लिफाफा आला. आत टाइप केलेला ठराव होता: मोजणीदाराची गोष्ट अकराव्याबरोबर संपली असं हे मंडळ मानते, आणि यापुढच्या कोणत्याही भागाची मंडळ दखल घेणार नाही. खाली पेनाने एक ओळ: 'ठराव पडला तर जुलैची सभा माझी शेवटची. डे. ग्री.'

जॅनिसने ती ओळ दोनदा वाचली. शेवटची म्हणजे शेवटची. डेरिक शब्दाचा पक्का होता. त्याचा महिन्यातला एक गुरुवार गेला तर उरणार होते फक्त टोस्ट आणि पडदे.

सभेच्या दोन दिवस आधी मॅल्कमचा फोन आला. मॅल्कम मंडळाचा अध्यक्ष, बस कंपनीतला जुना तपासनीस, आयुष्यभर तिकिटं बघितल्यामुळे कोणतीही अडचण सहज पंच करून पुढे सरकणारा माणूस.

"ऐक जॅनिस. तोडगा सापडलाय. नियम सात."

"काय त्याचं?"

"ठरावाला सूचक हवा आणि अनुमोदक हवा. अनुमोदक नसेल तर ठराव सभेपुढे येतच नाही. चर्चा नाही, मतदान नाही, इतिवृत्तात नोंदसुद्धा नाही. डेरिकनेच लिहिलाय तो नियम, माझ्यासाठी! मी ऐंशी साली दर महिन्याला एक ठराव आणायचो ना, आठवतंय?"

"मोजणीदाराच्या साखळीची लांबी निश्चित करण्याबाबत."

"तेच. मी सगळ्यांना फोन केलेत. कोणी अनुमोदन देणार नाही. मी विचारीन, दोन क्षण थांबेन आणि पुढच्या विषयाकडे जाईन. त्याचा ठराव पडला असं होतच नाही, कळलं का? पडायला आधी उभा राहायला लागतो. म्हणजे त्याला मंडळ सोडायचंही कारण नाही. त्याचा मान राहिला, पोरीचाही राहिला, आणि आपण साडेआठला खाली बिअर पीत असू."

जॅनिसने विचार केला. दयाळू वाटत होतं. शिवाय त्यात तिला काही करावं लागत नव्हतं, आणि त्या आठवड्यात हे फार मोठं आकर्षण होतं.

"बरं," ती म्हणाली.

सहा जुलैला 'फ्लीस' या पबच्या वरच्या खोलीत चौदा जण जमले. उकडत होतं. खिडकी उघडली की खालच्या सिगारेटींचा धूर वर यायचा, बंद केली की जीव गुदमरायचा, म्हणून मॅल्कम दर दहा मिनिटांनी ती उघडत आणि लावत होता. मधल्या टेबलावर त्याने बाजारातून आणलेली पोर्क पाय, म्हणजे डुकराचं मांस भरलेली जाड कचोरी, कापून ठेवली होती. डेरिक दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, सूट घालून. तो सूट जॅनिसने शेवटचा कुठे बघितला होता हे तिला आठवलं आणि तिने नजर वळवली. टॅमसिन पार पलीकडे, हाताची घडी घालून. ती आली हेच जॅनिसला विशेष वाटलं.

"विषय चार," मॅल्कम म्हणाला. "डेरिककडून एक ठराव आलाय. सगळ्यांना प्रत मिळाली आहे. वाचत बसत नाही. सूचक डेरिक ग्रीनवुड. अनुमोदक?"

डेरिक उठून उभा राहिला. हातात पाच पानं होती. अनुमोदन मिळालं की बोलायला सुरुवात करायची, अशा बेताने तो उभा होता. खोलीत कोणी हललं नाही. एकाने चिप्सच्या पाकिटात हात घातलेला होता, तो त्याने तसाच आत ठेवला.

डेरिकने एकेकाकडे बघितलं. घाई न करता, उजवीकडून डावीकडे, जशी पत्रं खणांत टाकायची तसं. हळूहळू त्याच्या लक्षात आलं असावं. चौदा माणसांतलं एकही सहज गप्प राहत नाही, तेही या मंडळातलं, तेव्हा हे गप्प राहणं आधी ठरलेलं आहे. तो लालबुंद होईल असं जॅनिसला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्याने फक्त हातातली पानं टेबलावर टेकवून त्यांच्या कडा जुळवल्या, आणि पुन्हा जुळवल्या.

"कोणी नाही," मॅल्कम म्हणाला. "मग नियम सातप्रमाणे... विषय पाच, ऑगस्टची सोडत."

जॅनिसच्या समोर इतिवृत्ताची वही होती. विषय चार असं लिहून पुढे तिने जागा सोडली होती, आणि ती आता कोरी राहणार होती. प्रयोगशाळेत कोणी बाटली न उघडताच 'दोष नाही' असं लिहिलं तर तिने त्याला उभंआडवं घेतलं असतं. तिथे तपासलेलं आणि न तपासलेलं हे दोन वेगळे रकाने होते, आणि एकातलं दुसऱ्यात लिहिणं हा कामातला सगळ्यात मोठा गुन्हा होता. ठराव वाईटच होता. तो फेटाळायला हवा होता. पण फेटाळायला आधी ऐकायला लागतो.

तिला ऐकायचा फार कंटाळा आला होता. तिला घरी जाऊन पाय गरम पाण्यात बुडवून बसायचं होतं.

"माझं अनुमोदन," ती म्हणाली.

मॅल्कम खिडकीपाशी अर्धा वळला होता, तो तसाच राहिला. "कशाला?"

"विषय चारला."

"अगं, पण आपलं ठरलं..." असं म्हणून त्याने जीभ चावली.

"ठरलं होतं?" डेरिक म्हणाला.

पलीकडे टॅमसिनने हाताची घडी सोडली आणि जॅनिसकडे बघितलं. त्या बघण्यात अजून राग नव्हता, नुसतं 'तुम्हीसुद्धा?' होतं, आणि ते सोसायला जास्त कठीण होतं.

"बोल, डेरिक," जॅनिस म्हणाली. "तुझी पाच मिनिटं आहेत."

डेरिकने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं पान मालिकेच्या प्रेक्षकसंख्येबद्दल होतं, वर्षवार. दुसऱ्यावर पहिल्या मोजणीदाराच्या निर्मात्याने १९६८ साली एका मासिकाला काय सांगितलं होतं ते. तो वाचत होता आणि जॅनिसला वाक्य संपायच्या आत त्याचा शेवट ठाऊक होता, कारण हे सगळं फोरमवर येऊन गेलं होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर डेरिकचा आवाज मंदावला, जणू त्यालाही ते आता कळलं होतं. त्याने तिसरं पान वर घेतलं, नजर फिरवली, खाली ठेवलं.

"उरलेलं तुम्ही वाचलंय," तो म्हणाला. मग थोडं थांबून, पानांकडे न बघता: "मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या घरात मोठं कोणी बोलायचं नाही. तो बोलायचा. एवढं लांबवर गेलेला माणूस, सगळं मोजून झाल्यावर, शांतपणे सांगायचा की हे चुकीचं आहे. मला वाटायचं मोठं झाल्यावर आपण असं व्हायचं. मी झालो नाही, ते जाऊ द्या. पण तो होता. आता तुम्ही म्हणता तो कोणीही असू शकतो. मग मी बावन्न वर्षं कोणाकडे बघत होतो?"

खाली रस्त्यावर एक बस थांबली आणि निघून गेली.

टॅमसिन उठली. "मी बोलू का?"

"बोल की, पोरी," मॅल्कम म्हणाला. त्याने आता सगळंच सोडून दिलं होतं.

"तुम्ही ज्याच्याकडे बघत होतात त्याच्याकडेच मीपण बघत होते," टॅमसिन म्हणाली. आवाज कापत होता आणि त्याचा तिला राग येत होता. "माझं काही वेगळं नव्हतं. मलाही तसंच व्हायचं होतं, गालाची हाडं बघायला नव्हते बसले मी. ती आली म्हणून तुमचे अकरा कोणी काढून घेतलेत का? आहेत की. मी सगळे बघितलेत. चौथ्याचे ते दलदलीतले सहा भागसुद्धा बघितलेत, आणि ते भिकार आहेत."

"भिकारच आहेत," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"तिसरा भाग नाही," डेरिक म्हणाला.

"तिसरा बरा आहे," टॅमसिनने कबूल केलं, आणि ती खाली बसली. तिला आणखी बोलायचं होतं हे दिसत होतं, पण तिसऱ्या भागाने घोटाळा केला होता.

मॅल्कमने मत घेतलं. ठरावाच्या बाजूने डेरिकचा हात वर गेला. मग, थोड्या वेळाने, आणखी दोन. दोघंही कधी न बोलणारे, मागच्या रांगेतले. मॅल्कमने त्यांनाही फोन केलेले होते आणि त्यांनी फोनवर हो हो म्हटलेलं होतं. डेरिकने मान वळवून त्या दोन हातांकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघितलं. विरोधात दहा. जॅनिसने आपला हात त्या दहांत वर केला. एक जण तटस्थ राहिला, त्याला हात वर करायचीच सवय नव्हती.

"ठराव फेटाळला," मॅल्कम म्हणाला. "विषय पाच. देवा, ती पोर्क पाय खा कोणीतरी."

सभा संपल्यावर टॅमसिन जिन्यात थांबली होती. जॅनिसला वाटलं होतं ती निघून गेली असेल.

"तुम्ही विरोधात मत दिलंत."

"हो."

"मग अनुमोदन कशाला? तो सभेपुढे आलाच नसता. सगळ्यांनी ठरवलं होतं म्हणे."

"म्हणूनच." जॅनिसने कठड्याला टेकून एक पाय बुटातून अर्धा काढला. "मला नीट सांगता यायचं नाही, टॅमसिन. माणसाचं म्हणणं फेटाळणं वेगळं आणि तो बोललाच नाही असं दाखवणं वेगळं. दुसरं मला जमेना."

"माझं वाक्य मात्र तुम्ही दहा मिनिटांत काढलंत. त्यांचं अजून आहे."

जॅनिसला पॉलीनचं नाव सांगता आलं असतं, पण ते डेरिकने सांगायचं होतं, आणि शिवाय ते उत्तर नव्हतं. टॅमसिन चुकलेली नव्हती. एकाच मापाने दोघांना मोजलं नव्हतं, आणि मोजणारी जॅनिस होती.

"ते माझं चुकलं," ती म्हणाली. "त्याला जपायला गेले आणि तुला सोडलं. दमले होते, पण दमले होते हे काही कारण नाही." तिने फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि जिन्यातल्या त्या पिवळ्या दिव्याखाली उभी राहून गालाच्या हाडांचं वाक्य काढून टाकलं. मग स्क्रीन थोडी खाली सरकवून सँडविचांचंही.

टॅमसिनने ते होताना बघितलं. तिचा चेहरा फारसा सैल झाला नाही.

"पुढच्या महिन्यात येशील?" जॅनिसने विचारलं.

"माहीत नाही." ती दोन पायऱ्या उतरली. "खरंच माहीत नाही. तुम्ही विचारत राहू नका, म्हणजे मला नाही म्हणावं लागणार नाही."

"नाही विचारणार."

खालचं दार उघडलं, पबमधला गलका आत आला आणि दार लागलं.

जॅनिस वर परत गेली तेव्हा खोलीत फक्त डेरिक होता. बाकीचे बिअरला गेले होते. तो अजून सूटमध्येच, टेबलावरचे पोर्क पायचे तुकडे एका कागदात गुंडाळत होता. तिने वही पुढे ओढली. इतिवृत्त तिथल्या तिथे लिहून टाकायचं ही तिची पद्धत होती. घरी नेलं की राहतं.

"तूच अनुमोदन दिलंस आणि तूच विरोधात," डेरिक म्हणाला.

"असं करता येतं. तुझ्या नियमांत कुठेही मनाई नाही."

"नाहीये." त्याने त्यावर विचार केला. "घालायला हवी होती."

ती लिहीत राहिली. तो तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. त्याच्या कोटाला कपाटाचा वास होता.

"मतं तीन होती," तो म्हणाला.

"तीन लिहिलीत."

"मला वाटलं एक असेल."

"मला पण."

"तुम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं. तूसुद्धा."

"हो. मीसुद्धा." तिने पेन थांबवलं नाही. "मंगळवारी हो म्हटलं, आज जमलं नाही. रागव हवं तर, पण उद्या रागव. सकाळी सातला माझे नमुने आहेत."

डेरिक रागावला की नाही ते कळलं नाही. त्याने वहीवर बोट टेकवलं.

"हे काय लिहिलंयस?"

"काय?"

"'१९६६ पासूनच्या अकरा मोजणीदारांपुरतीच.' सहासष्ट?"

जॅनिसने बघितलं. खरंच सहासष्ट लिहिलं होतं. पासष्ट हा आकडा ती झोपेतही चुकली नसती. हात दमला होता की आणखी काही, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं, आणि नंतर रविवारी विचार करूनही आलं नाही.

"पेन दे इकडे," डेरिक म्हणाला.

"अंहं. इतिवृत्त लिहिलं गेलं. दुरुस्ती पुढच्या सभेत, मंजुरीच्या आधी. सभासदाने उभं राहून सुचवायची."

"ते मला सांगतेस?"

"तुलाच सांगतेय."

"मी पुढच्या सभेत नाहीये. लिहून दिलंय मी."

"हो. मग सहासष्टच राहील."

डेरिकने वहीकडे बघितलं. पन्नास-साठ वर्षांनी कोणीतरी ती वही उघडेल आणि हा आकडा वाचेल, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांपुढे आलं असावं, कारण त्याच्या चेहऱ्यावर खरंच कुठेतरी दुखल्यासारखं काही उमटलं. त्याने पोर्क पायचं पुडकं उचललं, दारापर्यंत गेला, तिथे थांबला.

"मी तिचं काही बघणार नाही. एक मिनिटसुद्धा नाही."

"नको बघूस."

"आणि त्या पोरीची माफी मागायला लावू नकोस मला."

"मी कोण लावणार? तेवढी ताकद नाही माझ्यात आज."

तो जिना उतरायला लागला. एकेक पायरी, कठडा धरून. मधेच पावलं थांबली.

"ऑगस्टचा पहिला गुरुवार," खालून त्याचा आवाज आला, "तीन तारखेला ना?"

"तीन," जॅनिस म्हणाली.

पावलं पुन्हा उतरू लागली. तिने वही मिटली, दोन्ही बूट काढून टेबलाखाली सरकवले आणि मॅल्कमने उघडी टाकलेल्या खिडकीसमोर थोडा वेळ तशीच बसून राहिली.